उजवी बाजू वर

तीर्थरूप आत्यास, तुझ्या धाकट्या भावाच्या थोरल्या लेकीचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द आजवर मी सवयीनं लिहीत आले. आठही अंगं एकदम जमिनीला टेकणं म्हणजे काय, ते मला या महिन्यात कळलं. सोमवारपासून आजपर्यंत एकोणीस वेळा टेकली. मोजली आहेत.)

वर तीर्थरूप घातलंय, पण खाली मी तुला तूच म्हणणार, राग मानू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? नवा चष्मा आला का, की अजून सूनबाईचाच लावून पेपर वाचतेस? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझे जावई खुशाल आहेत, फक्त माझ्याशी बोलताना हल्ली दोन हात लांब उभे राहतात. बाबाही खुशाल आहेत, दोन वेळा जेवतात, बाकी बसून असतात (कुठे बसून असतात ते पुढे येईल). फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तर फोनवर तू 'बरं बरं, ठेवते' म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्र मात्र वाचून संपवल्याशिवाय तुझ्याच्यानं राहवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा आता बैस, आणि हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव.

आत्या, मी ज्युदो शिकतेय!

ठेवला होतास ना कप? हो, मीच. त्रेपन्न वर्षांची, मणक्याला पट्टा बांधून शिलाई मशीनवर बसणारी, जिना उतरताना कठडा न सोडणारी तुझी भाची. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सहाला दुकानाचं शटर खाली ओढते आणि पांढरं जॅकेट घालून लोकांना उचलून आपटते. (खरं लिहायचं तर अजून लोकच मला आपटतात. पण त्याचा क्रम लवकरच बदलेल असं कोचबाई म्हणाल्या आहेत.)

झालं असं. आपल्या गल्लीच्या टोकाला जो जुना ज्युदो क्लब आहे, ज्याच्या विजेत्यांच्या पाटीवर सगळ्यात वर बाबांचं नाव आहे, तिथे यंदा पहिल्यांदाच फक्त बायकांचा वर्ग सुरू झाला. एक दिवस तिथल्या कोचबाई दुकानात आल्या. बाई माझ्या खांद्याएवढी, आवाज इतका हळू की मला वाटलं ब्लाउजला हूक लावून घ्यायला आली असेल. म्हणाल्या, बारा जॅकेटं हवीत. बायकांसाठी म्हटल्यावर माझ्यातली कारागीर अशी काही जागी झाली म्हणून सांगू! इतकी वर्षं या बिचाऱ्यांना पुरुषांची ढगळ पोती घालावी लागत असणार, असं मनात आणून मी कमरेला टक्स घेतले. कापड मऊ निवडलं, मानेला टोचू नये म्हणून. गळपट्टी नाजूक, दोन बोटं रुंदीची. आतून बांधायला नाडी, आणि नाडी अर्थातच बायकांच्या बाजूनं. पुरुषांच्या कपड्यात डावी बाजू वर येते आणि बायकांच्या कपड्यात उजवी, हे मला मुळाक्षरांच्या आधी आलं होतं, आणि तूच शिकवलं होतंस.

बाबा इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या त्यांच्या खुर्चीत बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "ओढून बघितलंस का?" आजोबांचा नियम तुला आठवत असेलच, ज्युदोचा कपडा दुकानाबाहेर जायच्या आधी घरच्याच एकानं अंगात घालायचा आणि दुसऱ्यानं जीव खाऊन ओढायचा. मी म्हटलं, बाबा, बायकांचे कपडे आहेत, बायका असं ओढाओढीचं वागत नाहीत. हे मी बोलले, आत्या. याच तोंडानं बोलले.

जॅकेटं पोचली त्या दिवशी मी गळ्यात टेप अडकवून कौतुक ऐकायला क्लबात गेले. बारापैकी अकराजणी हजर होत्या (बारावीला सर्दी). सगळ्या माझी जॅकेटं घालून उभ्या राहिल्या, काय दिसत होत्या! टाळी वाजली, जोड्या लागल्या, आणि प्रत्येकजण समोरचीच्या छातीवर चाचपडायला लागली. कारण ज्युदोत बाई असो की बुवा, डावीच बाजू वर असते, क्लबातल्या जुन्या जॅकेटांवर सगळ्यांची पकड तशीच बसलेली. इथे सगळ्यांच्या उजव्या बाजू वर. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं सगळ्याजणी शोधत होत्या. शेवटी एकीला पकड सापडली. ती आपली बसवाली, म्हणजे बस चालवते म्हणून बसवाली, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. तिनं ओढलं आणि टर्रकन आवाज आला. मग दुसरीकडून आला. पाच मिनिटांत अकरा जॅकेटांच्या बावीस चिंध्या झाल्या आणि माझे टक्स, माझी नाजूक गळपट्टी, सगळं मॅटवर इतस्ततः पडलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कोचबाई रागावल्या असत्या तर मी परवडलं म्हटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवली, उरलेलं बारावं जॅकेट मला घातलं, मॅटच्या मधोमध नेलं आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, कपड्याला काय सोसावं लागतं ते शिवणाऱ्याला कळायला नको का? मग त्यांनी माझी गळपट्टी धरली आणि बाही धरली. पुढे तिथे काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हते. मी हवेत होते. त्यानंतर मला छताचा पंखा दिसला, तीन पाती, एकावर कोळिष्टक. बाराव्या जॅकेटची गळपट्टी कोचबाईंच्या हातात राहिली होती.

आता खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण आत्या, मला हसू आलं! पोटातून, लहानपणी झोपाळ्यावर यायचं तसं. त्रेपन्न वर्षं मी पडू नये म्हणून जपून जपून चालले, ओल्या फरशीला घाबरले, स्टुलावर चढायला घाबरले. आणि इथे एवढ्या जोरात पडूनही मी अख्खीच्या अख्खी होते. पडलं तरी चालतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं! मी झोपल्या झोपल्याच म्हटलं, अजून एकदा. बसवालीनं टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून मी तिथली आहे. पहिले तीन आठवडे फक्त पडायला शिकवतात. हात मॅटवर आपटायचा, हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा. मी घरी पलंगावर सराव केला, पलंगाचा पाय गेला. मग तुझ्या जावयांना विनंती केली की स्वयंपाकघरात नुसते उभे राहा, मी फक्त पकड घेऊन बघते. ते भले गृहस्थ उभे राहिले. आता ते दोन हात लांब का उभे राहतात ते तुला कळलं असेल. पण खरी फजिती दुकानात झाली. आपल्याकडे ते जाडजूड वकीलसाहेब कोट शिवायला येतात ना, त्यांच्या छातीचं माप घेताना माझा डावा हात आपसूक त्यांच्या बाहीवर गेला, उजवा गळपट्टीवर, आणि माझी कंबर आपली आपण वळली. वकीलसाहेब अस्तराच्या गठ्ठ्यावर उताणे! मी घाबरून पाणी आणलं. ते तसेच पडून शांतपणे म्हणाले की पुढच्या वेळी आधी माप घ्या आणि मग पाडा, म्हणजे एका खेपेत काम होईल. (नंतर त्यांनी आपल्या बायकोचं नाव वर्गात घातलं. का ते मी विचारलं नाही.)

बारा जॅकेटं मी पुन्हा शिवली हे सांगायला नकोच. जाड कापड, चार बोटं गळपट्टी, तिच्यावर शिलाईच्या सहा ओळी, आणि डावी बाजू वर. प्रत्येक जॅकेट बसवालीनं ओढलं, तेव्हाच दुकानाबाहेर गेलं.

आता मुद्द्याकडे येते. (आला असं समजू नकोस, येते आहे.) मी कुणाची मुलगी ते कोचबाईंना कळलं तेव्हा त्यांचा हळू आवाजसुद्धा चढला. पाटीवरच्या पहिल्या विजेत्याची लेक! साठ वर्षांपूर्वीची पहिली खुली स्पर्धा, तीन लढती, तिन्ही एकाच कमरेवरच्या डावानं जिंकलेल्या! तुला माहीतच आहे, या विजयावर आमचं अख्खं बालपण पोसलं गेलं. बाबांना झुरळ दिसलं तर ते मला हाक मारायचे, सुई टोचून रक्ताचा थेंब आला की भिंत धरून बसायचे, पण गल्लीत कुणाची त्यांच्याशी वर मान करून बोलायची टाप नव्हती. दोघे भांडायला लागले की कुणीतरी म्हणायचं, टेलरला बोलवू का? लगेच भांडण मिटायचं. मग काय, कोचबाईंनी ठरवलं की येत्या रविवारी क्लबला साठ वर्षं होतात, पाटी नव्यानं रंगवायची आणि प्रमुख पाहुणे म्हणून बाबांना बोलवायचं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी लगेच हो म्हटलं, आणि म्हटल्यावर आणखी एक वाक्य बोलले जे बोलायला नको होतं. म्हणाले, वाटल्यास तो डाव करूनही दाखवीन. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! त्यांना वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला नको नको म्हणतील. कोचबाईंनी वहीत लिहून घेतलं.

आणि परवा कोचबाई एक जुना फोटो घेऊन दुकानात आल्या. त्या पहिल्या स्पर्धेचा, क्लबच्या कपाटात सापडलेला. त्यांचं म्हणणं, ही जुनी जॅकेटं कधी फाटली नाहीत, तर यातली शिलाई बघून घ्या. मी भिंग लावून बघायला लागले. नऊ तरुण ओळीनं उभे, मधला पदक घातलेला, डोक्याला फडकं बांधलेलं, मान खाली, तोंड नीट दिसतच नाही. मी तोंड बघतच नव्हते, मी गळपट्टी बघत होते. आठजणांची डावी बाजू वर. मधल्याची उजवी.

आत्या, मी भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. उजवीच! घाईत, धावपळीत, जन्मभराच्या सवयीनं हात जसा चालेल तसं कुणीतरी ते जॅकेट अंगावर गुंडाळलं होतं, आणि पुरुषाचा हात असा चालत नाही. मी चाळीस वर्षं लोकांना कपडे घालताना बघतेय, मला कुणी शिकवू नये. मग मी हात बघितले. डाव्या हाताची करंगळी बाहेर काढलेली, कप धरताना एकच बाई आमच्या घरात अशी करंगळी काढते. आणि मग ते डोक्याचं फडकं! तुझी वेणी म्हणे तरुणपणी मशीनच्या चाकात अडकली आणि कापावी लागली. त्या गोष्टीच्या धाकानं मी लहानपणापासून केस इतके घट्ट बांधत आले की माझं कपाळ दोन बोटं मागे गेलं, आणि वेणी मशीनमध्ये गेलीच नव्हती!

मी फोटो बाबांसमोर धरला. बाबा उठले, चप्पल घातली, चप्पल काढली, आणि दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत जाऊन पडदा ओढून घेतला. तिथून त्यांनी सगळं सांगितलं. खरं-खोटं तू ठरव. म्हणाले, रोज दुकानात जॅकेट तू घालायचीस आणि ओढायचं काम त्यांचं. ओढता ओढता एक दिवस तू कंबर कशी वळवलीस कुणास ठाऊक, ते कातरणाच्या ढिगात जाऊन पडले. त्या दिवसापासून तू क्लबात कपडे पोचवायला जायचीस तेव्हा दारात उभी राहून तासभर बघायचीस, आणि घरी येऊन जे बघितलं ते बाबांवर करायचीस. क्लबाच्या वहीत नाव घातलं होतं ते बाबांचं, आजोबांच्या हौसेखातर. बायकांना तेव्हा स्पर्धेत उतरायचीच बंदी. स्पर्धेच्या सकाळी बाबांच्या पोटात कळ आली आणि ते कापडं कापायच्या टेबलाखाली जाऊन बसले. तू त्यांना समजावलंस, दटावलंस, मग कात्री उचललीस (बाबांना वाटलं त्यांच्यावरच उचलली), खसकन वेणी कापलीस, जॅकेट काखोटीला मारलंस आणि गेलीस. दुपारी परत आलीस, पदक बटणांच्या डब्यात टाकलंस आणि अर्धवट राहिलेली तुरपाई करायला बसलीस. बाबांना म्हणालीस की बाई लढली हे कळलं तर निकाल रद्द होईल, तेव्हा तोंड बंद ठेव, नाव तुझं, मिरव.

(ते पदक, आत्या! कापड बेतताना कागद हलू नये म्हणून मी तीस वर्षं वजन म्हणून वापरतेय. आज घासलं. खाली खरंच पदक आहे.)

मी विचारलं, बाबा, साठ वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही? पडद्यामागून म्हणाले, "रोज वाटायचं. ताईच्या मापाचं मी घातलंय गं, सगळीकडून ढगळ होतं. पण लोकांसमोर काढायचं कसं?" मी पडद्याखालून पाण्याचा पेला आत सरकवला, आत्या. आणि तुझा मात्र मला इतका राग आला की समोर असतीस तर पकडच घेतली असती. क्लबात आता आम्ही चौदाजणी येतो. एकोणीस वर्षांच्या मुलीपासून माझ्यापर्यंत प्रत्येकीला घरी कुणीतरी विचारतं, हे काय बायकांचं काम आहे का? आणि आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देतो. आणि गल्लीच्या टोकाला पाटीवर सगळ्यात वर साठ वर्षं उत्तर लिहिलेलं आहे, फक्त चुकीच्या नावानं!

असो. बाकी विशेष काही नाही. तुझी आठवण आली म्हणून सहज लिहिलं. गुडघ्याला शेक देत जा. सूनबाईंना आणि नातवंडांना आशीर्वाद, त्यांचा चष्मा त्यांना परत दे.

तुझी,
मॅटवर आणि मनानं भुईसपाट झालेली,
भाची

ता. क. सहज वगैरे काही लिहिलेलं नाही. पाटी रंगवणारा शनिवारी दुपारी येतो. त्याला पहिल्या ओळीत कुणाचं नाव सांगायचं ते कोचबाई तुझ्या तोंडून ऐकणार आहेत. (मी त्यांना सांगून टाकलं. त्या ऐकून उभ्या होत्या त्या बसल्या.) तू आली नाहीस तर बाबांचंच नाव राहील, आणि रविवारी शंभर लोकांसमोर बाबांना बसवालीवर तो डाव करून दाखवावा लागेल. बसवाली हलत नाही. आम्ही सहाजणींनी मिळून बघितलं आहे.

ता. क. २. गुडघ्याची सबब सांगू नकोस. तू फक्त माझी गळपट्टी धर आणि जमेल तेवढी वळ. पडायचं काम माझं. पडण्यात मी तरबेज आहे, आणि आता कळलं की ते मला बाबांकडून आलंय.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलेली, दारात उभी आहे तीच बसवाली. तुझ्या गावाची फेरी तिचीच. शनिवारी सकाळी ती परत येईल, पहिली सीट तुझी. नाही म्हणालीस तर ती उचलून आणणार आहे, आणि ती बोलते ते करते.

ता. क. ४. पिशवीत जॅकेट आहे, तुझ्या मापाचं. बसवालीनं ओढून बघितलंय. नाडी मुद्दाम बायकांच्या बाजूनं लावली आहे, उजवी बाजू वर. कोचबाई म्हणाल्या, त्या एका जॅकेटाला नियम नाही.

ता. क. ५. बाबा अजून त्या पडद्यामागेच आहेत. जेवणाचं ताट खालून सरकवते. गिऱ्हाइकं कपडे घालून बघायला आमच्या स्वयंपाकघरात जातात. पत्र बंद करणार एवढ्यात पडद्यातून हात बाहेर आला आणि त्यांनी कागद-पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं.

ताई, ये. पाटीवर नाव तुझंच घालू दे, मी रंगवणाऱ्याजवळ स्वतः उभा राहीन. लोक हसले तर हसू देत, साठ वर्षं घाबरलो, पुष्कळ झालं. फक्त तुझ्या नावाखाली, अगदी बारीक अक्षरात, जॅकेट कुणी शिवलं होतं तेवढं घालायला सांगशील? तीन लढती झाल्या, ताई. एक टाकासुद्धा उसवला नव्हता.